नर्स प्रॅक्टिशनर व्हावयाचें असेल तर



शालान्त परीक्षेचें वर्ष जवळ आलें कीं, पुढें काय करावयाचें हा प्रश्न घरोघरीं निघतो. ज्यांना शास्त्रविषयांची गोडी असते, त्यांपैकीं बहुतेकांच्या तोंडीं ‘डॉक्टर’ हा एकच शब्द असतो. क्वचित् एखादी मुलगी ‘मी परिचारिका होणार’ असें म्हणते, आणि तिच्या पालकांच्या कपाळाला आठी पडते. दुसऱ्यानें सांगावें आणि परिचारिकेनें करावें. तीन-चार वर्षांत तिचें शिक्षण संपलें कीं पुढें शिकण्यासारखें कांहीं उरत नाहीं, अशी समजूत त्या आठीमागें असते. ही समजूत किती अपुरी आहे हें दाखवावें, आणि या मार्गानें वरच्या पायरीपर्यंत जाऊं इच्छिणाऱ्यानें तयारी व अभ्यास कसा करावा याचें थोडें दिग्दर्शन करावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ती वरची पायरी म्हणजे ‘नर्स प्रॅक्टिशनर’. ही प्रथम परिचारिकाच असते. परंतु पुढील उच्च शिक्षण घेतल्यामुळें रोग्याची तपासणी करणें, रोगाचें निदान करणें, रक्ताच्या वगैरे चाचण्या सांगणें आणि औषध लिहून देणें, हे अधिकार तिला मिळालेले असतात. साध्या परिचारिकेला ‘काय करावें’ व ‘कसें करावें’ हें उत्तम आलें पाहिजे. नर्स प्रॅक्टिशनरला त्याबरोबरच ‘कां करावें’ याचें उत्तर स्वतः द्यावें लागतें. या लहानशा ‘कां’मध्येंच त्या शिक्षणाचें सारें मर्म आहे.

या शिक्षणाचा उगम

हा व्यवसाय प्रथम अमेरिकेंत निघाला. कोलोरॅडो संस्थानांतील खेड्यापाड्यांतून लोरेटा फोर्ड या बाई सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका म्हणून काम करीत. तेथें डॉक्टरांची वाण होती. मुलांची वाढ नीट होते कीं नाहीं हें पाहणें, लशी टोचणें, मातांना सल्ला देणें, हीं कामें परिचारिकाच पार पाडीत. पण त्यासाठीं लागणारें सखोल शिक्षण त्यांना कोणी दिलेलें नव्हतें. डॉ. हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांच्या सहकार्यानें फोर्डबाईंनीं 1965 सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तो लहान मुलांच्या आरोग्यापुरता होता. त्याला डॉक्टरांनीं विरोध केला यांत नवल नाहीं. पण परिचर्येच्या कित्येक अध्यापिकांनींही तो केला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. फोर्डबाई 2025 च्या जानेवारींत, वयाच्या 104 थ्या वर्षीं निवर्तल्या. तोंपर्यंत एकट्या अमेरिकेंत या व्यवसायांत तीन लाखांहून अधिक माणसें काम करीत होतीं.

अमेरिकेंतील पायऱ्या

तेथील वाट साधारणपणें अशी आहे. प्रथम परिचर्येची चार वर्षांची पदवी. मग परवान्याची राष्ट्रीय परीक्षा. त्यानंतर एक-दोन वर्षें रुग्णशय्येपाशीं प्रत्यक्ष काम; कांहीं विद्यापीठें यावांचूनही प्रवेश देतात, परंतु अनुभवाची शिदोरी बरोबर असणें केव्हांही चांगलें. मग दोन ते तीन वर्षांची एम्.एस्. सारखी उच्च पदवी, अथवा त्याहून अधिक काळाची परिचर्येंतील डॉक्टरेट. प्रवेश घेतांनाच आपलें क्षेत्र निवडावें लागतें: कुटुंबाचें आरोग्य, बालकांचें आरोग्य, प्रौढ व वृद्ध, स्त्रियांचे विकार, नवजात अर्भकें, मानसिक रोग इत्यादि. अभ्यासक्रमांत मार्गदर्शकाच्या हाताखालीं प्रत्यक्ष रोगी पाहण्याचे तास ठरलेले असतात. पूर्वीं ही मर्यादा निदान 500 तासांची होती. 2022 च्या नव्या नियमावलींत ती 750 करण्यांत आली. पदवीनंतर पुन्हां आपापल्या क्षेत्राची परीक्षा व संस्थानाचा परवाना. इतकें करूनही सर्वत्र सारखे अधिकार मिळतात असें नाहीं. निम्म्याहून अधिक संस्थानांत नर्स प्रॅक्टिशनरला स्वतंत्रपणें काम करतां येतें. बाकीच्यांत डॉक्टरांशीं करार करावा लागतो.

प्रवेशाच्या अर्जाबरोबर एक निवेदन लिहावें लागतें. ‘मला लहानपणापासून सेवेची आवड आहे’ हें वाक्य त्यांत हजारों उमेदवार लिहितात, आणि वाचणाऱ्यास त्यापासून कांहींच कळत नाहीं. त्याऐवजीं आपण सांभाळलेल्या एखाद्या रोग्याची हकीकत नांव न घेतां सांगावी. त्या वेळीं आपल्याला काय कळलें नाहीं, आणि तें कळावें म्हणून आपण पुढें काय केलें, हें लिहावें. आपलें अज्ञान ज्याला नेमकें दाखवितां येतें, त्यालाच कांहीं शिकवितां येतें, हें परीक्षक जाणतात.

तीन विषय, एक रोगी

या शिक्षणाचे आधारस्तंभ तीन. पहिला, रोगांत शरीराचा व्यापार कसा बिघडतो याचें शास्त्र. दुसरा, औषधांचें शास्त्र. तिसरा, रोग्याची तपासणी. विद्यार्थी हे तीन विषय तीन निरनिराळ्या वह्यांत लिहितात आणि तीन निरनिराळ्या परीक्षांसाठीं पाठ करतात. पुष्कळांची चूक येथेंच होते; कारण रोगी येतो तो तिन्ही विषय एकत्र घेऊन येतो.

एक उदाहरण घेऊं. साठी उलटलेला एक गृहस्थ येऊन सांगतो कीं, ‘रात्रीं आडवा झालों कीं दम लागतो; उठून बसलों कीं बरें वाटतें.’ दम लागणें हें लक्षण दम्यांत असतें, तसेंच हृदय दुबळें झालें असतांही असतें. येथें पहिला ‘कां’ विचारावयाचा: आडवें झाल्यावरच दम कां लागावा? आपण निजलों म्हणजे पायांकडील रक्त अधिक प्रमाणांत छातीकडे परत येतें. हृदयाचा डावा कप्पा सशक्त असला तर तें पुढें ढकलतो. तो दुबळा असला तर रक्त मागें फुप्फुसांत तुंबतें, त्यांतील पाणी हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत पाझरूं लागतें, आणि माणूस गुदमरून उठून बसतो. उठून बसल्यावर हा भार कमी होतो. दम्यामध्यें बिघाड निराळा असतो. तेथें श्वासनलिका आकुंचित होतात व त्यांतून हवा बाहेर पडतांना सूं-सूं असा आवाज येतो.

हा पहिला विषय नीट समजला असेल तर तिसऱ्या विषयाला हात आपोआप वळतो. पायाच्या घोट्यावर बोटानें दाबून खळगा राहतो कीं काय, मानेची शीर फुगली आहे कीं काय, फुप्फुसांच्या तळाशीं बारीक चरचर ऐकूं येते कीं काय, हें पाहावयाचें. पण एकाच खुणेवर भिस्त ठेवूं नये. हृदयाच्या रोग्याच्या छातींतही कधीं कधीं सूं-सूं आवाज येतो. आतां दुसरा विषय. हृदयाच्या दुबळेपणांत लघवी वाढवून अंगांतील जादा पाणी काढणारें औषध उपयोगी पडतें. दम्यांत श्वासनलिका सैल करणारें औषध लागतें. रक्तदाबासाठीं दिलें जाणारें प्रोप्रॅनोलॉलसारखें औषध दमेकऱ्याच्या श्वासनलिका अधिकच आवळूं शकतें. म्हणजे औषधाच्या नांवाबरोबर, ‘हें कोणाला देऊं नये?’ हा प्रश्नही पाठ केला पाहिजे.

अशा रीतीनें एका रोग्याभोंवतीं तिन्ही विषय गुंफले कीं ते विसरत नाहींत. सुटी पानें वाऱ्यानें उडून जातात. सुतानें शिवलेलीं राहतात.

गणिताची एक गोष्ट

‘मला गणित नको, म्हणून मी या शाखेकडे वळतें,’ असें एखादी विद्यार्थिनी म्हणते. तिनें पुढील हिशेब करून पाहावा. एका मुलाचें वजन 12 किलोग्रॅम आहे. दर किलोमागें 15 मिलिग्रॅम या प्रमाणांत पॅरासिटामॉल द्यावयाचें ठरलें, तर एका वेळचें औषध 180 मिलिग्रॅम झालें. बाटलीवर ‘5 मिलिलिटरमध्यें 120 मिलिग्रॅम’ असें छापलें असेल, तर साडेसात मिलिलिटर औषध मोजावें लागेल. पण हेंच औषध ‘5 मिलिलिटरमध्यें 250 मिलिग्रॅम’ या प्रमाणांतही विकत मिळतें. बाटली न वाचतां त्यांतून साडेसात मिलिलिटर दिलें, तर मुलाच्या पोटांत 375 मिलिग्रॅम, म्हणजे ठरल्याच्या दुपटीहून जास्त औषध गेलें. हिशेबाची रीत बरोबर होती. चुकलें तें वाचन.

(हा हिशेब केवळ अभ्यासासाठीं दिला आहे, घरीं मुलाला औषध देतांना डॉक्टरांनाच विचारावें.)

तीच गोष्ट दशांशचिन्हाची. अर्धा मिलिग्रॅम लिहितांना बिंदूपूर्वीं शून्य लिहावेंच, आणि पूर्ण पांच मिलिग्रॅम लिहितांना बिंदु व त्यापुढील शून्य लिहूंच नये, असा नियम रुग्णालयांतून पाळतात. बिंदु पुसट झाला तर पहिल्या चुकीनें अर्ध्याचे पांच होतात व दुसरीनें पांचाचे पन्नास. शाळेंत दशांशाचा बिंदु चुकला तर एक गुण जातो; तेथें काय जाऊं शकतें हें सांगावयास नको.

अभ्यासाची रीत

या अभ्यासक्रमांत बुद्धिमान् विद्यार्थीही मागें पडतात, याचें कारण बहुधा बुद्धीची उणीव हें नसून रीतीची उणीव हें असतें. म्हणून चार सूचना करतों.

पहिली सूचना: वाचून झाल्यावर पुस्तक मिटावें आणि आपणांस काय आठवतें तें कोऱ्या कागदावर लिहावें. पुन्हां पुन्हां वाचल्यानें विषय ओळखीचा वाटूं लागतो. पण ओळख निराळी आणि ज्ञान निराळें. तोच भाग दुसऱ्या दिवशीं, मग चार दिवसांनीं, मग पंधरवड्यानें पुन्हां असाच आठवून पाहावा. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागून केलेला अभ्यास परीक्षेपुरता टिकतो. येथें तर परीक्षा पुढें जन्मभर आहे.

दुसरी: दोघां-तिघांनीं मिळून अभ्यास करावा, आणि प्रत्येकानें आळीपाळीनें शिक्षक व्हावें. जें सोप्या शब्दांत दुसऱ्यास सांगतां येत नाहीं, तें आपल्यालाच समजलेलें नाहीं असें समजावें.

तिसरी: पाहिलेल्या रोग्यांची एक वही ठेवावी. तींत नांव-गांव मुळींच लिहूं नये. तक्रार काय होती, तपासणींत काय आढळलें, मला काय वाटलें, आणि शेवटीं काय निघालें, एवढे चारच रकाने असावेत. तिसरा व चौथा रकाना जेथें जुळत नाहींत, तेथेंच आपला खरा धडा असतो.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: ‘मला माहीत नाहीं, आपण येऊन पाहावें,’ हें वाक्य वेळेवर उच्चारण्यास शिकावें. मार्गदर्शकापुढें अज्ञान प्रकट करण्याची लाज वाटणें स्वाभाविक आहे. पण ज्याला निर्णयाचा अधिकार हवा, त्याला त्या अधिकाराची सीमा ठाऊक असलीच पाहिजे. चुकीचें उत्तर ठामपणें देणारा विद्यार्थी मार्गदर्शकाला अधिक भीतिदायक वाटतो.

याशिवाय व्यवहाराची एक गोष्ट. अमेरिकेंत पुष्कळजण नोकरी संभाळून हा अभ्यास करतात. रात्रपाळी, घर, मुलें आणि अभ्यास हीं सर्व ओझीं एकदम उचलून पहिल्याच सत्रांत कोलमडण्यापेक्षां, कामाचे तास अगोदरच कमी करून खर्चाची तजवीज करून ठेवणें शहाणपणाचें आहे. झोप ही आळसाची बहीण नव्हे. वाचलेलें स्मरणांत पक्कें होण्यास तिची गरज असते.

आपल्याकडील स्थिति

आपल्या देशांत परिचर्येचें पदवीशिक्षण 1946 सालीं दिल्ली व वेल्लोर येथें सुरू झालें. वेल्लोरची संस्था म्हणजे डॉ. आयडा स्कडर या मिशनरी बाईंनीं उभारलेलें ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय होय. नर्स प्रॅक्टिशनरचें शिक्षण मात्र आपल्याकडे अगदीं अलीकडचें आहे. भारतीय परिचर्या परिषदेनें अत्यवस्थ रोग्यांच्या परिचर्येचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आंखून दिला. तो बहुतांशीं रुग्णशय्येपाशींच शिकावयाचा असून, त्यासाठीं पदवी, नोंदणी व निदान एक वर्षाचा अनुभव लागतो. प्रसूतिविषयक नर्स प्रॅक्टिशनरसाठीं, 2018 च्या सरकारी मार्गदर्शक धोरणानुसार, दीड वर्षाचें शिक्षण ठरविण्यांत आलें. अमेरिकेंतल्याप्रमाणें स्वतंत्र दवाखाना थाटण्याचा अधिकार यांतून मिळत नाहीं. संस्थेनें ठरवून दिलेल्या नियमांच्या चौकटींत राहूनच काम करावें लागतें. हें स्पष्ट सांगणें आवश्यक आहे, कारण जाहिरातींतून याच्या उलट आशा दाखविल्या जातात.

आपल्या विद्यार्थ्यांपुढील वाट अशी: बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घ्यावेत. खुल्या वर्गास शास्त्रविषयांत निदान शेंकडा 45 गुण लागतात व वय 17 पूर्ण असावें लागतें. मग प्रवेशपरीक्षा व चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग पदवी. ज्यांना हें साधत नाहीं, त्यांनीं तीन वर्षांची पदविका घेऊन पुढें दोन वर्षांत पदवी मिळवावी. उशीर होईल, पण दार बंद होत नाहीं. ज्यांना अमेरिकेस जावयाचें आहे, त्यांना तेथील परवान्याची परीक्षा व इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि आपली पदवी तपासून घ्यावी लागते. कोणत्याही संस्थेंत पैसे भरण्यापूर्वीं तिला राज्याच्या व राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं, हें स्वतः पाहिल्यावांचून राहूं नये. मान्यता नसलेल्या संस्थेंतील चार वर्षें कोणी परत देत नाहीं.

आज शाळेंत काय करतां येईल?

पहिलें असें कीं, शास्त्राच्या तासाला ‘कां’ विचारण्याची संवय लावावी. दुसरें, घरांतील वडील माणसांची नाडी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजून पाहावी. स्वस्थ बसलेल्या प्रौढाची नाडी बहुधा 60 ते 100 असते. लहान मुलाची याहून जलद. थोडें धावून आल्यावर स्वतःची मोजावी, आणि ती पूर्ववत् होण्यास किती वेळ लागतो तें टिपून ठेवावें. निरीक्षण, मोजमाप व नोंद या तिन्ही गोष्टींचा पाया येथेंच पडतो.

तिसरें, आणि हें ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटेल, आपली मराठी उत्तम करावी. पुस्तकें इंग्रजींत असतात. पण रोगी मराठींत बोलतो. आपल्या भाषेंत केवळ ‘दुखणें’ नाहीं. डोकें ठणकतें, पोटांत मुरडा येतो, पाठींत चमक निघते, छातींत जळजळतें, पायांना मुंग्या येतात, हाडें मोडून येतात, जीव घाबरा होतो. यांतील प्रत्येक शब्द शरीरांतील निराळ्या बिघाडाकडे बोट दाखवितो. खेड्यांतील आजीबाई ‘छातींत दुखतें’ असें न म्हणतां ‘छातीवर कोणी धोंडा ठेवल्यावाणी होतंय’ असें म्हणते, तेव्हां तिच्या त्या एका उपमेंत हृदयविकाराची सूचना असूं शकते. ज्याला ती ऐकूं आली, त्यानें निम्मी तपासणी केली. ज्याला ती भाषाच परकी झाली, त्याच्या हातांतील यंत्रें फारशीं कामास येणार नाहींत.

पालकांस दोन शब्द

पुण्यांत 1909 सालीं सेवासदन स्थापन झालें, आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठीं ससून रुग्णालयांत पाठविण्यांत येऊं लागलें, त्या काळीं लोकापवादाची भीति किती असेल याची कल्पना करावी. ज्या घरांनीं ती सोसली, त्यांच्यामुळें पुढील मुलींची वाट सुकर झाली. आज भीति लोकापवादाची उरली नाहीं, तरी कमीपणाची उरली आहे. आपली मुलगी बुद्धिमान् आहे, म्हणून तिनें परिचारिका होऊं नये, असें म्हणण्याऐवजीं, ती बुद्धिमान् आहे म्हणून तिनें या विद्येंत अगदीं टोंकापर्यंत जावें, असें आपण म्हणावें. आपल्या मुलासही हें क्षेत्र परकें नाहीं. परिचारकांची गरज सर्वत्र आहे. मात्र ज्यांना या कामाची ओढ नाहीं, त्यांना केवळ परदेशच्या पगारासाठीं यांत ढकलूं नये. रोग्याला तें तत्काळ कळतें.

शेवटीं, आपणां सर्वांच्या परिचयाची चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवावी. वाटेंत जखमी पडलेला मनुष्य पाहून त्याला कळवळा आला, एवढेंच आपण बहुधा सांगतों. पण त्यानें पुढें काय केलें तें पाहा. तो जवळ गेला, जखमा पाहिल्या, त्यांवर तेल व द्राक्षारस घालून त्या बांधल्या, जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उताराशाळेंत नेलें, रात्रभर त्याची काळजी घेतली, सकाळीं खर्चाची तजवीज करून त्याला दुसऱ्याच्या स्वाधीन केलें, आणि अधिक खर्च झाल्यास तो परत येतांना फेडण्याचें वचन दिलें. तपासणी, उपचार, योग्य स्थळीं पोंचविणें आणि पुढील काळजीची तजवीज, यांपैकीं एकही गोष्ट त्यानें सोडली नाहीं. त्याच वाटेनें आधीं गेलेल्या दोघांपैकीं एखाद्याच्या मनांतही कदाचित् कळवळा आला असेल. पण त्यानें जखमी मनुष्याचा जीव वांचला नसता. कळवळ्याला हातांचें कौशल्य व डोक्यांतील ज्ञान यांची जोड मिळाली, म्हणूनच तो मनुष्य जगला. तशी जोड मिळविण्यासाठीं जो आज आपल्या वहीपुस्तकांपाशीं नेटानें बसतो, त्याची सेवा आजच सुरू झाली आहे.